साडेसातशे वॅटचा कौल

आमच्या घराण्यात कॉलेजात गेलेला मी पहिला, आणि कॉम्प्युटरच्या पॉवर सप्लायसाठी देवीला कौल लावणाराही मीच पहिला. यातल्या पहिल्या गोष्टीचा अभिमान बाळगावा, अशी सोय दुसऱ्या गोष्टीने ठेवलेली नाही.

तरीही मी लिहायला बसलो आहे, याबद्दल वाचकांनी मला आधीच माफ करावं. लिहिणं हे आमच्या घरातलं काम नव्हे. बाबा मासेमारीच्या होडीवर तांडेल, म्हणजे होडी हाकणारे, आये मालवणच्या बाजारात मासे विकते, आणि आमच्या घरातून आजवर बाहेर पडलेलं सर्वांत मोठं लिखाण म्हणजे रेशनकार्डावरचं नाव दुरुस्त करण्याचा अर्ज. (तोही परत आला.) शाळेत मराठीच्या सरांनी माझ्या निबंधाखाली एकदा ‘प्रामाणिक प्रयत्न’ असं लिहिलं होतं. माझ्याजवळ साहित्याचं भांडवल आहे ते एवढंच.

गोष्ट दोन हजार सहाच्या सुमाराची. मी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होतो, फिजिक्स घेऊन. फिजिक्स म्हणजे काय, हे आमच्या गावात, देवबागात, मला कोणी कधी विचारलं नाही. ‘तांडेलाचो सुहास कॉलेजात आसा’ एवढ्यावर वाडीचं भागत असे. परिणाम एवढाच झाला, की ज्या वस्तूला वायर आहे अशी प्रत्येक बिघडलेली वस्तू माझ्याकडे येऊ लागली. रेडिओ आला, टॉर्च आली, डास मारायची बॅट आली. एका आजोबांचं कानाचं यंत्रही आलं!

“बघ रे बाबू, तू शिकलंस मां?”

मी वस्तू हातात घ्यायचो, उलटीसुलटी करायचो, गंभीर चेहऱ्याने ‘हं’ म्हणायचो आणि परत द्यायचो. दुरुस्त काही व्हायचं नाही. पण शिकलेल्या माणसाने बघितलं, याचं लोकांना समाधान वाटायचं. त्या समाधानावर मी वर्षभर काढलं.

मग मालवणातला एक सायबर कॅफे बंद पडला. त्याचा मालक आयेचं कायमचं गिऱ्हाईक. बांगडा असो वा सुरमई, तो घ्यायचा तो आयेकडूनच. जाताजाता त्याने आपल्या दुकानातला सर्वांत लाडका कॉम्प्युटर बाबांच्या गळ्यात घातला. हा साधा कॉम्प्युटर नव्हता. गेमिंगचा होता! डबा कपाटाएवढा, एका बाजूला काच, आत निळा उजेड देणारा पंखा. गाडीच्या शर्यतीचे, लढाईचे मोठमोठे गेम त्यावर चालायचे म्हणे.

“फक्त पावर सप्लाय उडालाय,” मालक म्हणाला. “वीज पडली तेव्हा. बाकी वाघ आहे वाघ. नवा सप्लाय टाका आणि सोडा!”

ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगतो. पॉवर सप्लाय म्हणजे कॉम्प्युटरच्या आत मागच्या कोपऱ्यात बसणारा लोखंडी चौकोनी डबा. घरातली वीज आत घ्यायची आणि प्रत्येक भागाला त्याच्या पोटापुरती वाटून द्यायची, हे त्याचं काम. त्याची ताकद वॅटमध्ये मोजतात. ती कमी पडली तर कॉम्प्युटर मान टाकतो. इतकं मला तेव्हाही कळत होतं. माझी शोकांतिका अशी, की मला कळत होतं!

बाबांनी त्या मुक्या कपाटाला चटईवर बसवलं, त्याच्यासमोर स्वतः बसले आणि माझ्याकडे बघून म्हणाले,

“सुहास, ह्या आता तुज्या हातात. चवथीक सगळे येतले. त्याच्या आधी ह्या चालाक व्हया.”

“चालतला, बाबा.”

“तसा नाय. नीट आयक. तुज्या शिक्षणाचो उजेड पडता की नाय, ता मी चवथीक बघतलंय. आणि मगे दिपूचा ठरयतलंय.”

दिपू म्हणजे माझी धाकटी बहीण. तेव्हा दहावीला होती. तिला पुढे शिकायचं होतं, आणि बाबांचं ठरत नव्हतं. मुलगी शिकून काय करणार, असा त्यांचा प्रश्न नव्हता. मुलगा शिकून काय करतो, हेच त्यांना अजून दिसलं नव्हतं! म्हणजे दिपूची अकरावी आता त्या लोखंडी डब्यावर आली. दिपू दारात उभी राहून सगळं ऐकत होती. ती आत आली, माझ्या दंडाला चिमटा काढून म्हणाली, “दादा, ह्या बिघडवलंस तर तुका जेवणात मीठ मिळाचा नाय.”

मी मनापासून कामाला लागलो. कॉलेजच्या वाचनालयातून कॉम्प्युटरचं एक मासिक आणलं. कोणत्या भागाला किती वॅट लागतात ते कागदावर मांडलं. बेरीज केली, पुन्हा केली, उलटी करून पाहिली. तीनशेच्या जरा वर आली. थोडी ताकद शिल्लक ठेवावी, असं मासिकात होतं. तेव्हा चांगल्या कंपनीचा चारशे वॅटचा सप्लाय. संपला प्रश्न! आयुष्यात पहिल्यांदाच एका गोष्टीचं बरोबर उत्तर माझ्याजवळ होतं, आणि मी ते रात्री जेवताना घरच्यांसमोर मांडलं. इथेच चुकलं. बरोबर उत्तर कुटुंबासमोर मांडायचं नसतं.

“चारशे म्हणजे किती बल्ब?” आयेने विचारलं.

मी प्रामाणिक. म्हटलं, “साठचे सहा-सात.”

“मेल्या! सगळ्या घरात मिळान सात बल्ब नाय, आणि तू एका डब्यात सात पेटयतलंस? बिल कोण, तुजो कॉलेजवालो भरतलो?”

“आये, चारशे म्हणजे तो चारशे देवक शकता. रोज चारशे घेता असा नाय. आता बघ, तुज्या पाटयेत वीस किलो मासळी ऱ्हवता म्हणान तू रोज वीस किलो न्हेतंस काय?”

“न्हेतंयच! अर्धी पाटी घेवन बाजारात बसान काय करू? माश्यो मारू?”

माझं उदाहरण तिथेच वारलं. आयेचं मत पडलं, की तीनशेचा घ्यावा. तेवढंच बिल कमी.

बाबा मात्र विचारात पडले होते. “तुज्या हिशोबान तीनशे लागतत. तरी तू चारशे म्हणतंस. ता कित्याक?”

“बाबा, जरा शिल्लक व्हयी. गेम सुरू झालो की एकदम ओढ लागता.”

ओढ! हा शब्द मी तांडेलासमोर काढायला नको होता. आमचं घर खाडी आणि समुद्र यांच्यामधल्या पट्टीवर. खाडीच्या तोंडाशी भरती-ओहोटीची ओढ काय असते, हे बाबांनी जन्मभर अंगावर घेतलेलं. त्यांनी भाताचा घास खाली ठेवला.

“ओढ लागता? आणि तू शंभर जास्ती घेवन जातंस? अरे, खाडयेच्या तोंडार ओढ लागली की नऊ घोड्यांचो इंजिन रडता रडता! दुप्पट व्हयो. दुपटीच्या वर व्हयो!”

“पण बाबा, हयसर पाणी नाय...”

“ओढ ती ओढ!”

झालं. एका बाजूला आये, तीनशे. दुसऱ्या बाजूला बाबा, दुपटीच्या वर. मधे मी, चारशे, हातात कागद. मला वाटलं, तिसऱ्या जाणकाराला विचारावं. दुर्बुद्धी म्हणतात ती हीच. माझा आतेभाऊ विकी मुंबईत राहायचा. दर चतुर्थीला यायचा आणि यंदा कुठला गेम आला, गाडी कशी उडवली, कितव्या मजल्यावरून शत्रूला कसं टिपलं, हे आम्हा खाडीकाठच्या अडाण्यांना ऐकवायचा. त्याच्यापुढे आमचा गेम दणक्यात चालावा, ही माझीही छुपी इच्छा होतीच. मी बूथवरून त्याला फोन लावला.

“विकी, गेमिंगच्या कॉम्प्युटरला पॉवर सप्लाय केवढा लागतो रे? तुझा केवढा आहे?”

पलीकडे कुठेतरी भांडं वाजलं. मग ठाम आवाज आला, “साडेसातशे.”

“साडेसातशे? माझा हिशोब तर चारशेच्या आत...”

“सुहासदादा, हिशोब गावाकडे. इथे सगळे साडेसातशेच वापरतात. त्याच्या खाली घेऊ नकोस, बोर्ड जळेल.”

बोर्ड जळेल म्हटल्यावर माझा कागद घडी होऊन आपोआप खिशात गेला. मी घरी येऊन सांगितलं. बाबांनी मांडीवर थाप मारली. आयेने कपाळावर. आता घरात तीनशे विरुद्ध साडेसातशे असं उघड युद्ध सुरू झालं. आये बाबांना ताटात मासा वाढेना, बाबा आयेला बाजारासाठी मासळी निवडून देईनात. दिपू मला रोज विचारायची, “ठरला?” आणि मी रोज म्हणायचो, “ठरतला.” चतुर्थी जवळ येत होती.

शेवटी आयेच म्हणाली, “देवीक कौल लावया.”

यात आमच्याकडे कोणाला नवल वाटत नाही. विहीर कुठे खणावी, होडीला इंजिन घ्यावं की नको, मुलीला आलेलं स्थळ बघावं की टाळावं, हे सगळं आमच्याकडे देवीला विचारूनच होतं. गुरव मूर्तीला ओल्या पाकळ्या लावतो आणि गाऱ्हाणं घालतो. मग ज्या बाजूची पाकळी आधी पडेल, ते उत्तर. मी फिजिक्सचा विद्यार्थी या नात्याने विरोध करायला तोंड उघडलं होतं. पण आये माझ्याकडे ज्या नजरेने बघत होती, त्या नजरेने तिने भल्याभल्या गिऱ्हाइकांचे भाव पाडलेले मी पाहिले आहेत.

देवळात भिकूकाका गुरव ओल्या हातांनी बसले होते.

“हां, प्रश्न काय?”

“तीनशेचो घेवचो की साडेसातशेचो?” बाबा म्हणाले.

“तीनशे काय?”

“वॅट.”

“वॅट म्हणजे?”

सगळे माझ्याकडे वळले. मी घसा साफ केला. “म्हणजे... शक्ती, काका.”

“मगे देवीक कळतला!” भिकूकाकांचा जीव भांड्यात पडला. “तीनशे डावीकडे, साडेसातशे उजवीकडे.”

“काका,” मी हळूच म्हटलं, “चारशे पण एक आसा.”

“बाबू, कौलाक बाजू दोन. डावी नायतर उजवी. तुज्या चारशेक मी बसवू खंय?”

आणि त्यांनी गाऱ्हाणं सुरू केलं. मी आजवर अनेक गाऱ्हाणी ऐकली आहेत, पण असं नाही.

“गे आई, वाडीच्या राखणदारनी! आज हो तुजो तांडेल तुज्या पायाकडे इलोहा. तेच्या घरात कॉम्प्युटर इलोहा, पण तेच्यात जीव नाय. तर तीनशे वॅटाची शक्ती घालूची असात तर डावो कौल दी, साडेसातशेची घालूची असात तर उजवो दी. कोणाची वाकडी नजर लागली असात, शेजाऱ्याची, भावकीची, नायतर दुकानदाराची, तर ती दर्यापलीकडे न्हेवन टाक. आणि ह्या पोराच्या हाताक यश दी गे माये!”

“होय म्हाराजा!” बाबा, आये आणि दिपू एका सुरात म्हणाले. मीही म्हणालो. यश मलाही हवं होतं.

भिकूकाकांनी डावीकडे पाकळी लावली, उजवीकडे लावली, आणि पद्धतीप्रमाणे एक मधोमध लावली. आम्ही श्वास रोखून बघत राहिलो. पाणी ओघळत होतं. डावी हलली. आयेने हात जोडले. उजवी हलली. बाबांनी जोडले. आणि टपकन पाकळी पडली. मधली!

“मधली!” मी ओरडलो. “काका, मधली! म्हणजे चारशे! दोघांच्या मधी चारशे!”

“गप रे!” भिकूकाका दरडावून म्हणाले. “मधली शोभेक असता. ती मोजूची नाय.”

“पण देवीनच...”

“देवीचा मन अजून लागला नाय. परत लावतंय.”

सगळ्या देवबागात माझं म्हणणं एका देवीला पटलं होतं, आणि तिचं मत नियमात बसत नव्हतं! भिकूकाकांनी पाकळ्या पुन्हा लावल्या. या खेपेला शोभेची लावलीच नाही. उजवी पडली. साडेसातशे.

आये मुकाट्याने उठली. देवीच्या शब्दापुढे ती बिलाचा विषय पुन्हा काढणारी नव्हती. उलट दुसऱ्या दिवशी बाबा समुद्रावर गेले असताना माझ्याबरोबर कुडाळला यायला तीच तयार झाली. म्हणाली, “तू एकटो गेलंस तर तो तुका फसयतलो.”

कुडाळच्या दुकानात पहिल्यांदा समोर आला तो चारशेचाच सप्लाय. चांगल्या कंपनीचा. मी तो हातात घेतला. वजनदार, भरीव, एखादं गुटगुटीत बाळ घ्यावं तसा. मासिकात लिहिलं होतं, की चांगला सप्लाय जड लागतो. माझ्या डोळ्यांत पाणी यायचं बाकी राहिलं.

“आये, हो बरो आसा गो.”

“देवीन सांगला ता घे.”

दुकानदार म्हणाला, “काय हवंय तुम्हाला नेमकं?”

“साडेसातशे,” आये म्हणाली.

“साडेसातशे?” त्याने एकदा आयेकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि त्याच्या चेहऱ्यावर एकदम माया दाटून आली. “मिळेल की!”

तो आत गेला. बराच वेळ गेला. बाहेर आला तेव्हा त्याच्या हातात एक डबा होता आणि त्यावर ‘७५०’ असं मोठ्या अक्षरात लिहिलेला कागद जरा तिरका चिकटवलेला होता. मी डबा उचलला. इतक्या जोरात उचलला गेला, की तो माझ्या कपाळावर आपटला! जड असेल म्हणून मी ताकद लावली होती, आणि तो करवंटीसारखा हलका.

“आये, हो हलको आसा,” मी कुजबुजलो.

दुकानदाराचे कान चांगले होते. “नव्या पद्धतीचा आहे. सगळं हलकंच येतं आता.”

आयेने डबा माझ्या हातातून घेतला आणि तपासला. बोटाने दाबून पाहिला. पंख्याची जाळी कल्ल्यासारखी वर करता येते का पाहिली. मग नाकाशी धरून हुंगला. “नवो आसा,” ती म्हणाली. “आणि हलको तर बरोच. एसटीतसून न्हेवक त्रास नाय.” मग ती खरेदीला लागली. भाव पाडता पाडता दुकानदाराला घाम फुटला. शेवटी तिने नेहमीचं वाक्य टाकलं, “बरा, वर काय घालतंस?” आमच्या बाजारात वाट्यावर एखादा मासा वर घातल्याशिवाय व्यवहार पुरा होत नाही. दुकानदाराने गणपतीचं चित्र असलेलं कॅलेंडर वर घातलं. (वर्ष अर्ध्याहून जास्त सरलेलं होतं.)

येताना एसटीत आये खूश होती. माझ्या मांडीवर डबा होता आणि रस्त्यातल्या प्रत्येक खड्ड्याला तो आतून खुळखुळत होता. आत काय खुळखुळतंय, हे विचारायचं धाडस मला झालं नाही. बोलावं, असं मला दर थांब्यावर वाटलं. थांबे बरेच होते.

चतुर्थी आली. विकी आला. त्याने डब्यावरचा आकडा वाचला, पुन्हा एकदा वाचला. मग म्हणाला, “घेतलास? खरंच साडेसातशे घेतलास? जबरी!”

संध्याकाळी आमच्या घरात पाय ठेवायला जागा नव्हती. एका भिंतीशी गणपती, विजेच्या माळा, आरास. समोरच्या भिंतीशी कॉम्प्युटर, त्यालाही आयेने हार घातलेला. मधे भजनाची मंडळी, कारण बरोबर त्याच वेळी त्यांचा आमच्या घरचा क्रम आला होता. बाबांनी सगळ्या वाडीला सांगून ठेवलेलं. “सुहासान बसवल्यान,” ते प्रत्येकाला सांगत होते. “सगळो हिशोब तेचो.”

(माझा हिशोब खिशात होता. चारशे!)

“विकी, तू बस,” मी म्हटलं. “तुला सवय आहे.”

“नको नको,” विकी मागे सरकला. “तुझा मान.”

मी बटण दाबलं. पंखा फिरला, काचेतून निळा उजेड पडला. “अरे व्वा!” वाडी ओरडली. बुवांनी अभंग अर्ध्यावर सोडून मान वळवली. बाबांनी दिपूच्या डोक्यावर हात ठेवला, तो मी पाहिला. दिपूने माझ्याकडे बघून भुवया उडवल्या. अकरावी दाराशी आली होती!

पडद्यावर गाडी आली. लाल, चकचकीत. तीन, दोन, एक. मी गाडी सोडली. गाडी निघाली आणि गेमला ओढ लागली.

फाट्ट!

फटाका नव्हे, सुतळी बॉम्ब. डब्याच्या मागून जाळ आला, मग काळा धूर, आणि मग काहीच दिसेना. कारण आमच्या घरचा फ्यूज सारखा जातो म्हणून बाबांनी त्यात इतकी जाड तार घातली होती, की तिला होडी बांधली तरी तुटली नसती. ती तुटली नाहीच. तिच्याऐवजी खांबावरचा फ्यूज गेला, आणि ऐन चतुर्थीला अख्खी वाडी तिच्या सगळ्या गणपतींसह अंधारात बुडाली.

“काय झाला?”

“कोण मेलो?”

“धूप कोणी इतको पेटयलो गो?”

“गॅस बंद करा आधी!”

“बुवा, थांबू नका, भजन मोडता!”

बुवा थांबले नाहीत. अंधारात, धुरात, खोकत खोकत त्यांनी अभंग पुरा केला. टाळकऱ्यांपैकी एकाचा टाळ कोणाच्या तरी डोक्यावर वाजला, तोही तालात. बाहेर आमच्या अंगणात टॉर्च जमू लागल्या. प्रत्येक टॉर्चचा पहिला प्रश्न एकच, “लायट खंयसून गेली?” आणि उत्तरादाखल सगळ्या टॉर्च मिळून माझ्या तोंडावर. मी खुर्चीत तसाच बसलो होतो, हातात उंदीर धरून. (कॉम्प्युटरचा.)

विकी अंधारात नाहीसा झाला होता. सापडला तो तासाभराने, समुद्रावर.

“हजारचा हवा होता,” तो म्हणाला. “साडेसातशे कमी पडला.”

वायरमन आला तो दुसऱ्या दिवशी दुपारी. तोवर वाडीने समया लावून आरत्या केल्या आणि प्रत्येक आरतीनंतर माझं नाव घेतलं. खरं तर नाव घेतलंच नाही. त्या दिवसापासून माझं नाव ‘साडेसातशे’ पडलं. बाजारात आयेला विचारायचे, “साडेसातशे कसो आसा?” ती पापलेटचा भाव समजून भांडायला उठायची.

चतुर्थीनंतर मालवणातल्या एका दुरुस्तीवाल्याने तो डबा उघडला. आत एक छोटा पंखा, चार वायरी, एक सुटा स्क्रू आणि एवढी मोकळी जागा, की मांजर आरामात व्याली असती. जाताना डबा एकटा गेला नव्हता. बोर्ड घेऊन गेला, गेमचं कार्ड घेऊन गेला. वाघातलं फक्त कातडं राहिलं, काचेसकट.

भिकूकाका भेटले तेव्हा म्हणाले, “कौल बरोबर होतो. डबो खोटो आणलास तुमी.”

मी जेवेनासा झालो. डब्याचं दुःख होतं, वाडीच्या टोमण्यांचंही होतं, पण दिपू माझ्याशी एक शब्द बोलत नव्हती ते सहन होईना. ती चिडली असती तर बरं. ती नुसती पुस्तकं उघडायची आणि मिटायची. गणपती गेल्यावर एका सकाळी बाबांनी मला किनाऱ्यावर बोलावलं. ते जाळं शिवत होते. मी होडीच्या सावलीत उभा राहिलो. दिपू मागोमाग आलीच.

“सुहास, तुका म्हायत होता? चारशे?”

“होय, बाबा.”

“मगे बोललंस कित्याक नाय?”

“बोललंय. घराकडे बोललंय, देवळात बोललंय, दुकानात बोललंय.”

“माका आयकाक इला नाय.”

बाबांनी सुई जाळ्यात खोचून ठेवली.

“शिक्षान तुका इला रे. आवाज नाय इलो. होडयेर असो माणूस असलो की होडी खडकार जाता. खडक दिसता तेका, पण तो पुटपुटता.”

“बाबा,” दिपू पुढे झाली, “मी दुकानात असलंय असतंय मां, तर त्या दुकानदाराच्या टकल्यार आपटलंय असतंय तो डबो! हलको कसो म्हणान इचारलंय असतंय! आणि भिकूकाकांका सांगलंय असतंय, मधली मोजा म्हणान. आणि तुमका दोघांकाय सांगलंय असतंय!”

हे ती इतक्या मोठ्याने म्हणाली, की वाळूत निजलेली दोन कुत्री उठून गेली. बाबा तिच्याकडे बघत राहिले. मग माझ्याकडे. मग पुन्हा तिच्याकडे. आम्हा दोघांना तराजूत घालून बघावं तसे.

“आवाज हिका आसा,” ते म्हणाले. “शिक्षान तेवढा कमी आसा. जाव दे हिका अकरावीक.”

आणि त्यांनी पुन्हा सुई हातात घेतली. दिपू ओरडत घराकडे पळाली. माझ्या शिक्षणाचा उजेड पडला नव्हता, उलट वाडीतला होता तोही गेला होता, आणि तरी तिचं काम झालं. मी तिथेच वाळूत बसलो. आनंद करावा की अपमान मानावा, ते ठरेना. कौल लावायची सोय नव्हती.

दिपू अकरावीला गेली. अकरावीची परीक्षा झाल्यावर सुट्टीत ती मुंबईला आत्याकडे राहायला गेली. एके दिवशी तिचा फोन आला. मोबाइल नुकताच घरात आला होता. दिपूचा आवाज असा, की फोन हातभर लांब धरला तरी चालतो. पडवीत बसलेले बाबाही ऐकत होते.

“दादा, आत्येकडे कॉम्प्युटर नसा.”

“विकला असतीत.”

“नाय रे! कधी नव्हतोच! विकीदादा गेम खेळाक नाक्यावरच्या दुकानात जाता. तासावर.”

“मगे... तो साडेसातशे?”

“तेका मी पकडून इचारलंय. तुजो फोन इलो तेव्हा तो सैपाकघरात होतो. तू इचारलंस केवढो आसा, तेका काय सुचाना. समोर ओट्यार आत्येचो मिक्सर होतो. तेच्यार लिवलेला आसा, साडेसातशे वॅट. ता वाचून सांगल्यान!”

मी भिंतीला टेकलो. “मिक्सर?”

“तो म्हणता, माका काय म्हायत! सुहासदादा फिजिक्सवालो. चुकीचा असता तर बोललो नसतो?”

मी फोन खाली ठेवला. आये आतून विचारत होती, “काय म्हणता रे चेडू?” पडवीतून बाबांचा शांत आवाज आला.

“म्हणजे देवीक आमी कौल मिक्सराचो लावलो.”

त्याच दिवशी दुपारी माझा शेवटच्या वर्षाचा निकाल लागला होता. बी.एस्सी., पहिला वर्ग, विषय फिजिक्स. ती बातमी घरी सांगायला मी आणखी आठवडाभर थांबलो.